कोपराचे पंधरा अंश

२६ डिसेंबर १९९५. मेलबर्नच्या कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनला तीन षटकांत सात वेळा नोबॉल दिला. हा चेंडू टाकत नाही, फेकतो, असा त्यांचा आक्षेप होता. मुरलीधरनचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे त्याचा हात वाकलेला दिसणारच होता. पण वाकलेला हात हा गुन्हाच नाही.

क्रिकेटचा नियम बघतो ते वाकलेला हात सरळ होतो का, हे. शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात यासाठी नेमके शब्द आहेत. सांध्यातला कोन लहान झाला की फ्लेक्शन, म्हणजे आकुंचन. मोठा झाला की एक्स्टेन्शन, म्हणजे प्रसरण. कोपर सरळ रेषेच्याही मागे गेलं तर ते हायपरएक्स्टेन्शन. काही गोलंदाजांचं कोपर मुळातच असं मागे जातं, आणि नियम ते मोजणीत धरत नाही.

ताठ उभं राहून हात बाजूला सोडले आणि तळवे पुढे केले, की झाली या शास्त्राची मूळ स्थिती. सगळ्या हालचालींची नावं तिच्यावरून ठरतात. या स्थितीत आरशात पाहिलं तर कोपरापासून खालचा हात अंगापासून किंचित बाहेर झुकलेला दिसतो. हा झाला कॅरिंग अँगल. तो प्रत्येकाला कमी-अधिक असतोच, आणि तळवा उलटा केला की दिसेनासा होतो. कोपर बिजागरीसारखं फक्त उघडतं-मिटतं. तळवा उलटा-सुलटा होतो तो कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून आडवं गेल्यामुळे. खांद्याचा सांधा उखळीचा. तो पुढे-मागे, आत-बाहेर जातो आणि स्वतःभोवती फिरतोही.

गोलंदाजी करताना हे सगळं क्षणार्धात आणि एकदमच घडतं. वाकलेला हात नुसता खांद्यातून फिरला, तरी एका बाजूने पाहणाऱ्याला कोपर सरळ होतंय असं वाटू शकतं. अशा वेळी पंचांच्या डोळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

गंमत अशी, की कोपर अजिबात न हलवताही वाकलेल्या हाताचा फायदा होतो. सरळ हात स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला तर पंजा जागीच राहतो. वाकलेल्या हातात मात्र पंजा दंडाच्या अक्षापासून दूर असतो, त्यामुळे दंड आत वळला की पंज्याला जादा वेग मिळतो. या वेगाला नियमाची हरकत नाही.

कोपर सरळ होण्याला मात्र आधी वेगवान, मध्यमगती आणि फिरकी गोलंदाजांसाठी अनुक्रमे १०, साडेसात आणि ५ अंशांची मर्यादा होती. २००५ मध्ये आयसीसीने ती सर्वांसाठी १५ अंश केली. हात आडव्या पातळीत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर यापेक्षा जास्त सरळ होता कामा नये. हे मोजायला अंगावर प्रकाश परावर्तित करणारे ठिपके चिकटवतात आणि अनेक कॅमेऱ्यांतून हाताची त्रिमितीय आकृती तयार करतात.

याच मोजणीत पाकिस्तानचा फिरकी गोलंदाज सईद अजमल २०१४ मध्ये अडकला. शैली बदलून तो २०१५ मध्ये बांगलादेशात पुन्हा खेळला खरा, पण जुनी धार उरली नव्हती. त्या दौऱ्यानंतर पाकिस्तानने त्याला परत खेळवलं नाही.