एका कपामागे किती सुटतात?

‘अहो, वीस रुपयांची कॉफी एकशेवीसला विकतात. कपामागे शंभर रुपये सुटतात!’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, नोकरीला कंटाळलेल्या भाच्याकडून येतं, निवृत्तीचे पैसे हातात आलेल्या काकांकडून येतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर गुप्तधनाचा नकाशा सापडल्याचा आनंद असतो. त्यावर आकडा मागितला की मात्र बोलणारा एकदम इंटिरिअरच्या रंगावर घसरतो.

तर आकडेच मांडू. एखाद्या मध्यम शहरातली दोनशे चौरस फुटांची जागा धरा. इथली रक्कम प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावी. कॅपुचिनोच्या एका कपाला साधारण 18 ग्रॅम कॉफी लागते. भाजलेल्या चांगल्या बियांचा भाव किलोला हजार रुपये धरला तर 18 रुपये इथेच गेले. दीडशे मिली दुधाचे दहा. साखर, कागदी पेला, झाकण, टिश्यू यांचे सात-आठ. सकाळी दळण जुळवताना मोरीत ओतलेले दोन-तीन कप आणि फाटलेलं दूध हेही कुठेतरी धरावंच लागतं. म्हणजे वीस नव्हे, चाळीस. एकशेवीसमधून उरले ऐंशी.

‘ऐंशी तरी कमी आहेत का?’ नाहीत ना. पण ते तुमचे नाहीत, आधी घरमालकाचे आहेत. भाडं 30 हजार. दोन मुलं कामाला, प्रत्येकी 15 हजार. वीज 8 हजार, कारण दर व्यावसायिक लागतो. दुरुस्ती, पाणी, साफसफाई, इंटरनेट मिळून 5 हजार. पाच लाखांच्या कर्जाचा हप्ता 11 हजार. बेरीज 84 हजार. भागिले 80: महिन्याला 1,050 कप. एकही सुट्टी न घेता रोज 35 कप विकले की महिनाअखेर हातात येतं शून्य. स्वतःला 25 हजार पगार काढायचा तर रोज 46 कप. तेही पहिल्या महिन्यापासून, जुलैच्या मुसळधार मंगळवारी आणि कॉलेजं ओस पडलेल्या मे महिन्यातही. आणि गिऱ्हाईक काय करतं? एक कॅपुचिनो घेऊन चारपैकी एका टेबलावर लॅपटॉप उघडतं आणि दोन तास हलत नाही.

गंमत म्हणजे रोज 46 कपांनी वर्षाची विक्री 19 लाख 87 हजारांवर जाते. जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख. म्हणजे पोटापुरतं मिळू लागलं की कर दारात हजर. दर 5 टक्के असला तरी नोव्हेंबर 2017 पासून साध्या उपाहारगृहांना त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. मशीन घेताना भरलेला जीएसटी परत वळता होत नाही. किंमत 120 च ठेवली तर कपामागचे पावणेसहा रुपये त्या ऐंशीतूनच जाणार.

तरीही पटत नसेल तर मोठ्यांकडे पाहा. कंपनीच्याच हिशेबानुसार टाटा स्टारबक्सने 2023-24 मध्ये 1,218 कोटी रुपयांची विक्री केली आणि त्या वर्षी तोटा झाला 80 कोटींच्या आसपास. नवी दुकानं उघडण्याचा खर्च त्यात आहे, मान्य. पण तिथला कप एकशेवीसचाही नाही, बराच महाग आहे! कॅफे कॉफी डेचे तर चिकमगळूरला स्वतःचे मळे, भाजणीही स्वतःची. कच्च्या मालाची स्वस्ताईच सगळं ठरवत असती तर कर्जाच्या ओझ्याखाली त्यांची शेकडो दुकानं बंद पडली नसती. कप स्वस्तात पडतो की महागात, याने दुकान बुडत नाही. भाड्याने बुडतं. आणि सगळी पुंजी फर्निचरवर उधळून पहिल्या सहा महिन्यांसाठी गल्ल्यात काहीच न ठेवल्याने बुडतं.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो: भारी इटालियन मशीन हवंच. कॅपुचिनो-लाटे विकायचे तर हवं, कारण एस्प्रेसोला सुमारे 9 बार दाब लागतो. पण तसली दोन-ग्रुपची मशीनं तीन-चार किलोवॉट वीज ओढतात. जागेचा मंजूर भार तेवढा आहे का, हे मशीन आल्यावर नव्हे, भाडेकरारावर सही करण्याआधी पाहायचं असतं. थोड्या भांडवलात फिल्टर कॉफी आणि कोल्ड ब्रूवर दुकान सुरू होऊ शकतं. पहिलीला स्टीलचा फिल्टर लागतो, दुसरीला बरणी, फ्रिज आणि बारा-चौदा तासांचा धीर. उरलेले पैसे चांगल्या ग्राइंडरवर घाला. दळण एकसारखं नसेल तर पाच लाखांचं मशीनही कडवट पाणीच देणार.

बाकीचे किरकोळ.

‘फिल्टर कॉफीची पूड म्हणजे शुद्ध कॉफी.’ बहुतेक वेळा चिकोरीमिश्रित असते. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. वाचा, आणि मग फळ्यावर ‘शुद्ध’ लिहायचं की नाही ते ठरवा.

‘छोट्या टपरीला अन्न परवाना लागत नाही.’ हातगाडीलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि 2022 पासून तो 14 अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो.

‘शॉप अ‍ॅक्टसाठी एजंटशिवाय काम होत नाही.’ महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नोंदणीही नको, ऑनलाइन सूचना पुरते.

‘घरचा सिलिंडर चालतो.’ नाही चालत. 14.2 किलोचा घरगुती, दुकानाला 19 किलोचा व्यावसायिक. पकडलं गेल्यावर ‘सगळेच वापरतात’ हा बचाव कामाचा नाही.

‘फोनवरची गाणी लावली तर कोण विचारतं?’ दुकानात गाणी वाजवणं हे कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक प्रसारण आहे. तुमचं अ‍ॅपचं मासिक वर्गणीचं खातं घरापुरतं असतं.

‘महाराष्ट्रात कॉफी पिकतच नाही.’ चिखलदऱ्याला जाऊन या.

आणि शेवटी, ‘मुद्रा कर्ज आहे ना, त्यात अनुदान मिळतं.’ मिळत नाही. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, एवढीच सवलत आहे. देते ती बँक, कागद तपासून देते आणि व्याजासह वसूल करते. वरच्या हिशेबातले 11 हजार म्हणजे तेच.