चुलीत प्लॅस्टिक, पिशवीत चहा

भात लावणीच्या दिवसांत आंदर मावळात किंवा नाणे मावळात कुठल्याही बांधावर उभे राहा. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बाया इंद्रायणीची रोपे लावीत असतात. तेवढ्यात घरून चहा येतो. पूर्वी तो किटलीतून येई. आता पातळ पिशवीला गाठ मारून येतो, नाही तर लोणावळ्याच्या पर्यटकांनी टाकलेल्या थंड पेयाच्या बाटलीतून. डोक्यावरच्या कागदाबद्दल माझी तक्रार नाही. पाऊस अडवायला त्याहून स्वस्त वस्तू मिळणार नाही. तक्रार आहे ती चहाच्या पिशवीबद्दल.

प्लॅस्टिक हा एकच एक पदार्थ नव्हे. पीव्हीसी मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची रसायने घालतात. पाण्याचे 20 लिटरचे कडक, निळसर पारदर्शक जार बहुधा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि ते बिस्फेनॉल ए या रसायनापासून बनते. आपल्या पातळ पिशवीत बिस्फेनॉल नसेलही, पण ती कोणत्या भंगारातून आणि कोणता रंग घालून झाली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पदार्थ गरम किंवा तेलकट असला की अशी रसायने जास्त सुटतात.

बिस्फेनॉल ए हे स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, हे चार्ल्स डॉड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1936 सालीच दाखविले होते. संप्रेरक म्हणजे शरीरातला निरोप्या. पाळी केव्हा यावी, बीज केव्हा पक्व व्हावे, हे निरोप तो पोचवितो. त्याच्या वेषात दुसराच कोणी घरात शिरला तर काय होईल?

अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत 1998 साली उंदरांच्या स्त्रीबीजांत एकाएकी दोष वाढले. शोध घेता कळले की, पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून भलत्याच तीव्र द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. पॉलिकार्बोनेट झिजून बिस्फेनॉल ए उंदरांच्या पोटात जात होते. मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही उंदरांवर काम झाले. गाभण आणि पाजत्या मादीला हे रसायन दिल्यावर तिच्या नर पिल्लांची प्रजननक्षमता घटली, असे 2009 साली प्रसिद्ध झाले. नर पिल्लांची, हे बंधूंनी ध्यानात घ्यावे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 साली या रसायनाची रोज चालणारी मर्यादा आधीच्या 20,000 पट खाली आणली.

मागे पवन मावळात बचत गटाची बैठक संपल्यावर एक सून मागे थांबली. "साहेब, लग्नाला चार वर्षं झाली. पाळी दोन-दोन महिने येत नाही. घरात म्हणतात, खोट माझ्यातच आहे. हे प्लॅस्टिकनं होतं का?" मी म्हणालो, "ताई, तुमच्या बाबतीत ते कुणीच छातीठोक सांगणार नाही. तुम्ही दोघंही तपासून घ्या." बीजकोशाच्या पीसीओएस या विकारात रक्तात बिस्फेनॉल ए जास्त आढळल्याची अनेक नोंदी आहेत, पण एकामुळे दुसरे झाले, हे सिद्ध झालेले नाही. उपचार मात्र आहेत. आणि दोष पुरुषातही असू शकतो. सुनेला एकटीला दवाखान्यात पाठवून घरी बसणाऱ्या नवऱ्याला काय म्हणावे?

आता चूल. घाटमाथ्यावर वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सरपण ओले, म्हणून पेटवण म्हणून पिशवी, फाटकी चप्पल, पाइपचा तुकडा चुलीत जातो. तोंड चुलीशी असते ते बाईचे, आणि कडेवर मूल. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होऊ शकते. ते चरबीत साठते, वर्षानुवर्षे राहते आणि आईच्या दुधातून बाळाला जाते. इटलीत सेवेसो गावाजवळ 10 जुलै 1976 रोजी कारखान्यातून डायॉक्सिन फुटले. पुढे तिथल्या बायकांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांच्या रक्तात ते अधिक होते त्यांना दिवस राहायला जास्त काळ लागल्याचे दिसले. चुलीच्या धुराची मात्रा तेवढी नसते; पण तो धूर रोजचा असतो. मे महिन्यातच करवंट्या, गोवऱ्या आणि बारीक काटक्या माळ्यावर टाकून ठेवाव्यात. तेवढ्याने पावसाळा निघतो. आमच्या मावळच्या म्हाताऱ्या हेच करीत.

आमच्या खात्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट चाल आणखी एक आहे. औषधाचा रिकामा कॅन धुऊन त्यात पाणी किंवा रॉकेल भरणे. कितीही धुवा, औषध प्लॅस्टिकमध्ये मुरलेले असते. कॅन तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, मग कॅनला भोके पाडावीत, म्हणजे कुणी वापरायला नेणार नाही. रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत, ही सक्ती 1971 च्या कीटकनाशक नियमांतच आहे.

घरातले सगळे प्लॅस्टिक फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. धान्याची कोठी, बादली, कोरडी डाळ यांना धोका फारसा नाही. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, तूप स्टीलच्या डब्यात, गरम आमटी पातेल्यात ठेवावी. उन्हात तापलेला किंवा चरे पडलेला जार परत करावा. दुधाची प्लॅस्टिकची बाटली बाळाला द्यावीच लागली तर गरम दूध आधी स्टीलच्या भांड्यात कोमट करून मगच ओतावे. आणि लावणीला चहा न्यायची किटली बहुतेक घरांत अजून फडताळावर पडून असते. तिची कडी तेवढी नीट करून घ्या.