नेपाळचे तीन पट्टे

नेपाळ म्हटले की एव्हरेस्ट आठवते, आणि सगळा देशच बर्फाळ असावा असे वाटते. नकाशे-पोस्टर पाहून तसे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण सरासरी दोनशे किलोमीटरहूनही कमी रुंदीच्या या देशात तीन भौगोलिक पट्टे (उंची आणि हवामानानुसार पडलेले भाग) आहेत. उत्तरेला हिमाल, मध्ये पहाड, दक्षिणेला तराई (डोंगरपायथ्याचा सखल, गाळाचा प्रदेश). जिन्याच्या तीन पायऱ्याच म्हणा, फक्त पायऱ्या सरळ नाहीत. तराई आणि पहाड यांच्यामध्ये चुरिया टेकड्या आणि चितवनसारखी खोरी आहेत.

काठमांडू पहाडात, सुमारे 1,400 मीटरवर आहे. तिथे बर्फ क्वचितच पडतो. तराईची समुद्रसपाटीपासूनची उंची तर काही ठिकाणी शंभर मीटरहूनही कमी आहे. भातशेती, आंब्याच्या बागा, चितवनचे एकशिंगी गेंडे, सगळे याच सखल भागातले. 2021च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक नेपाळी तराईत राहतात, हिमाल पट्ट्यात जेमतेम सहा टक्के.

महाराष्ट्रातून अनेक बौद्ध यात्रेकरू लुंबिनीला जातात. तीही तराईत आहे. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकतो; तेव्हा स्वेटरऐवजी सुती कपडे आणि टोपी न्यावी.