विमानाचा टॉर्च : रडार कधी लावायचं, कधी बंद ठेवायचं?



दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा अमरावतीला आला होता. सातवीत आहे. कॉम्प्युटरवर लढाऊ विमानाचा सिम्युलेटर खेळतो. दर वेळी त्याचंच विमान पडायचं. वैतागून म्हणाला, "मावशी, मले तं तो दिसलाच नाही, मंग त्याले मी कसा दिसलो?" मी "बंद कर तो खेळ" म्हणणारच होते, पण प्रश्न विज्ञानाचा होता.

विचारलं, "तुझं रडार सुरू होतं का?" "हो, सुरुवातीपासून." उत्तर तिथंच होतं.

जागलीचा टॉर्च

रात्री तुरीच्या शेतात जागलीला गेलेला माणूस टॉर्च लावतो. त्याला शंभरेक पावलांवरचं रानडुक्कर दिसतं. पण त्याचा टॉर्च मात्र पार दूरच्या धुऱ्यावरून दिसतो. रडारचंही तसंच. ते रेडिओ लहरी सोडतं, त्या समोरच्या विमानावर आपटून परत येतात. अंतर दुप्पट झालं की जाणारी लहर ४ पट क्षीण होते, पण जाऊन परत आलेली १६ पट! अंतर तिप्पट, तर ९ आणि ८१ पट. म्हणून आपल्याला प्रतिध्वनी मिळण्याआधीच समोरच्याच्या 'रडार वॉर्निंग रिसीव्हर'ला आपली चाहूल लागते. त्याला अंतर नेमकं कळत नाही, पण दिशा कळते.

मग वैमानिक काय करतात?

आपल्या लहरींवर ताबा ठेवण्याला 'एमकॉन' म्हणतात. त्याचे साधे नियम असे :

१. आधी ऐकायचं. रिसीव्हर काहीच सोडत नाही, फक्त घेतो.
२. मागे दूर उडणाऱ्या टेहळणी विमानाकडून माहिती घ्यायची.
३. रेडिओवर गरजेपुरतंच बोलायचं. तीही लहरच.
४. रडार थोडाच वेळ लावायचं आणि बंद केल्यावर दिशा बदलायची.

आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय विमानं तयार झाली. त्यांच्या नाकात मोठं रडार आहे, आणि काचेपुढे एक गोल 'डोळा'ही आहे. तो समोरच्या विमानाची उष्णता टिपतो. त्यासाठी लहर सोडावी लागत नाही. पण ढग आडवे आले की तो कमी पडतो. अमेरिकेच्या एफ-११७ विमानात तर रडारच ठेवलं नव्हतं.

अर्थात, रडार कायम बंद ठेवलं तर आपणच आंधळे. किती पाहायचं आणि किती दिसायचं, हा हिशोब प्रत्येक वेळी नव्यानं करावा लागतो.

शाळेत करून पाहा

संध्याकाळी अंधार पडल्यावर मोठ्यांच्या देखरेखीत मैदानावर गडद कपड्यातली पाच-सहा मुलं वेगवेगळ्या अंतरावर उभी करा. एकाकडे टॉर्च द्या. डोळ्यांवर मारायचा नाही. कोणी कोणाला आधी पाहिलं, ते लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत टॉर्च क्षणभरच लावून जागा बदलायला सांगा. फरक मुलंच सांगतील.

भाच्यानं आमच्या गच्चीवर हे केलं, मग खेळायला बसला. त्या दिवशी त्याचं विमान पहिल्यांदा परत उतरलं. खेळाची वेळ आम्ही ठरवून दिली, पण खेळ बंद केला नाही. मूल हरल्यावर "कसं?" असं विचारत असेल, तर पालकहो, आधी त्याचा प्रश्न ऐकून घ्या.