साम्राज्याचं चिलखत, घरचा कारखाना

१९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात एक प्रसंग आहे. पांढऱ्या चिलखतातले शिपाई, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, नियंत्रण कक्षात घुसतात आणि उजवीकडचा एक गडी दाराच्या वरच्या कडेवर डोकं आपटतो. ही चूक चित्रपटात तशीच राहिली. २००४ च्या डीव्हीडीत तर निर्मात्यांनी तिथे टाळकं आपटल्याचा आवाजही मुद्दाम भरला. त्या शिपायाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या शिरस्त्राणातून समोरचं जेमतेम दिसतं. वरचं आणि पायाखालचं दिसतच नाही. वेषांतर करून तेच शिरस्त्राण घालणारा ल्यूक स्कायवॉकरही चित्रपटात हीच कुरकुर करतो.

त्या चिलखताची कुळकथा ऐकली की आश्चर्य उरत नाही. वेषभूषाकार होते जॉन मोलो. ते लष्करी गणवेशांचे गाढे अभ्यासक होते आणि या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. अंगावरच्या भागांची मातीची शिल्पं ब्रायन म्युर या तरुण शिल्पकारानं केली. शिरस्त्राणं मात्र लंडनच्या ट्विकनहॅम भागात, अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या कारखान्यात तयार झाली. त्यांचा मूळ धंदा व्हॅक्यूम फॉर्मिंगनं प्लास्टिकच्या वस्तू काढण्याचा. प्लास्टिकचा तक्ता तापवून लोंबेपर्यंत मऊ करायचा, साच्यावर ओढायचा आणि खालून हवा शोषून घ्यायची. तक्ता साच्याला चिकटून बसतो आणि गार झाला की तोच आकार धरतो. दिवाळीत घरी येणाऱ्या मिठाईच्या खोक्यातला खाचांचा ट्रे याच रीतीनं बनतो. आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या साम्राज्याचं सैन्य आणि काजूकतलीची चौकट यांच्यात फरक असलाच तर तक्त्याच्या जाडीचा.

हे सारं कॅमेऱ्यासाठी होतं. दृश्य पार पडेपर्यंत टिकलं की काम झालं. डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नव्हती, कारण शिल्प हातानं केलेलं. तोंडाजवळच्या जाळीत मारामारीच्या दृश्यांसाठीच्या शिरस्त्राणांना सहा दात कापले होते, तर जवळून टिपायच्या शिरस्त्राणांना आठ. हा तपशील चित्रपट पाहताना कुणाला दिसत नाही, पण घरी चिलखत करणाऱ्या माणसाला तो पाठ असतो. तो आधी ठरवतो, सहा दातांचं की आठ दातांचं. आणि मग मूळ शिल्पातला वाकडेपणासुद्धा इमानानं उतरवतो.

माझं मत विचाराल तर चाहत्यांनी केलेलं चिलखत मूळ चिलखतापेक्षा सरस असतं. कारण सरळ आहे. नटाला ते एका दृश्यापुरतं घालायचं होतं. चाहत्याला संमेलनात किंवा मिरवणुकीत तासन्‌तास चालायचं असतं, जिने चढायचे असतात, मुलांबरोबर फोटो काढायचे असतात. अल्बिन जॉन्सन या अमेरिकन चाहत्यानं १९९७ मध्ये '५०१ वी लिजन' ही संघटना काढली. आज ती जगभर पसरली आहे. तिच्यात प्रवेशासाठी वर्गणी लागत नाही, चिलखत लागतं, आणि तेही ठरलेल्या मापदंडाला उतरलेलं. सभासद बिनपगारी हजेरी लावतात, बरेचदा रुग्णालयात किंवा मदतनिधीच्या कार्यक्रमात. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातल्या रोझ परेडमध्ये 'स्टार वॉर्स'चे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या मागे हेच सैनिक कवायत करत चालले. पुढे 'स्टार वॉर्स'च्याच 'द मँडलोरियन' या मालिकेच्या वेळी स्टुडिओकडे पुरेशी चिलखतं नव्हती, तेव्हा याच मंडळींना आपापल्या चिलखतासह बोलावलं गेलं.

आपल्याकडे एबीएस प्लास्टिकचे तक्ते साच्यावर ओढत बसण्यापेक्षा बहुतेक जण ईव्हीए फोमकडे वळतात, आणि ते बरोबरच आहे. हा फोम तुमच्या घरात आधीपासून आहे: व्यायामाच्या चटया, लहान मुलांच्या एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फरश्या, हलक्या चपलांचे तळवे. चपला-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात तो तक्त्यानं मिळतो. चपलेच्या तळव्याचा फोम फार कडक आणि जड पडतो, मुलांच्या फरश्यांचा फार भुसभुशीत. दोन्हींच्या मधला बोटानं दाबून निवडावा. छाती-पाठीसाठी साधारण १० मिमी, दंड-मनगटासाठी ५ ते ६, वरच्या नक्षीसाठी २ मिमी.

खरी कसोटी कापण्याआधीची, मापाची. जुना टीशर्ट घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळायची, वरून चिकटपट्टी लावायची आणि दुसऱ्या कुणाला तरी अंगावरच मार्करनं रेषा आखायला सांगायच्या. मग हे कवच कापून काढायचं आणि सपाट पसरून त्याचं पेपर कटिंग करायचं. शिंप्याला हे काम लगेच कळतं. जिथे कागद सपाट बसत नाही तिथे टक्स घ्यायचे. कापडात मात्र जाडीचा हिशेब नसतो आणि इथे तो असतो. फोम गोल वळवला की आतली बाजू आखडते, बाहेरची ताणते. म्हणून अंगाच्या घेरात जाडीच्या तीनपटीहून किंचित जास्त भर घालावी लागते. १० मिमीचा फोम असेल तर अंगावरून घेतलेल्या मापात तीनएक सेंटिमीटर जास्त. त्याशिवाय आतल्या कपड्याची जागा वेगळी. हे विसरलेलं चिलखत दिसायला झकास असतं, पण घातलं की बोटं निळी पडतात.

कापताना कटर उभा धरायचा आणि पातं वरचेवर बदलायचं, कारण हा फोम पात्याची धार झपाट्यानं खातो. बोथट पात्यानं कडा दाताळ होतात आणि त्या पुढे कुठल्याच रंगानं झाकल्या जात नाहीत. मग हीटगन. पृष्ठभागावर हलकी चकाकी येईपर्यंत तापवलं की वरची छिद्रं मिटतात, फोम रंग कमी पितो आणि मऊ झाल्यामुळे हवा तसा वाकतो. पालथ्या पातेल्यावर दाबून गार होईपर्यंत धरलं की खांद्याची वाटी तयार. वरवर पातं ओढून त्या रेषेवर उष्णता दिली तर चीर आपोआप उघडते आणि पत्रे जोडल्यासारखी खाच दिसते. कारागिरीचा निम्मा आव या एका युक्तीतून येतो.

जोडायला रबर सोल्यूशन, म्हणजे सुतार लॅमिनेटसाठी वापरतात तसलं फेव्हिकॉल एसआर. दोन्ही कडांना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हाताला चिकटेनासं झालं की कडा भिडवायच्या. पहिल्याच स्पर्शात ते धरतं, सरकवायला वाव देत नाही. यातल्या द्रावकाची वाफ ज्वालाग्राही असते आणि डोकं गरगरवते. काम गॅलरीत किंवा गच्चीवर करावं, गॅसची शेगडी बंद असावी. करोनाच्या काळातला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी रासायनिक वाफ शोषणारी डबी लावलेला मास्कच लागतो. या एका खर्चात काटकसर करू नये.

रंगाबद्दल थोडक्यात. फोमवर थेट रंग मारला तर पहिल्या वाकण्यात तडे जातात. आधी पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे चार-पाच हात किंवा रबरासारखा लवचीक स्प्रे, मग ॲक्रिलिक. शेवटी चकचकीतपणा घालवायचा: काळा पातळ रंग खाचांत उतरवून पुसायचा, झिजतील अशा कडांवर कोरड्या ब्रशानं चंदेरी ओढायचं. हे करताना जरा विचार करावा. कोपर झिजतं, पाठीचा मध्य झिजत नाही. सगळीकडे सारखे ओरखडे ओढलेलं चिलखत लढाईतून आल्यासारखं वाटत नाही.

थ्री-डी प्रिंटरनं शिरस्त्राण काढणारे आता पुष्कळ आहेत. पण स्वस्त पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात बंद गाडीत ठेवलेलं शिरस्त्राण संध्याकाळी कुठल्या आकाराचं निघेल ते सांगता येत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पट्टे. चिलखत अंगाला चिकटलेलं नसतं, टांगलेलं असतं. छाती आणि पाठ खांद्यावर, पोटाचा तुकडा छातीला इलॅस्टिकनं, मांड्यांचे तुकडे आतल्या छुप्या पट्ट्याला. टिचबटणं, बक्कल, वेल्क्रो, सगळं नजरेआड. नवशिका महिनोन्‌महिने रंगावर घालवतो आणि पट्टे आदल्या रात्री लावतो. मग कार्यक्रमात मांडीचं चिलखत गुडघ्यावर उतरलेलं असतं. हे कोडं जुनंच आहे. मध्ययुगातल्या आपल्या चारआइना चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशींवर वेगवेगळ्या तकट्या असतात, बक्कल-पट्ट्यांनी बांधलेल्या. कुशीच्या तकट्यांना हात हलावा म्हणून वर अर्धगोल खाच असते आणि उघड्या राहिलेल्या सांध्यांना आतलं कड्यांचं चिलखत सांभाळतं. स्टॉर्मट्रूपरच्या पांढऱ्या तुकड्यांमधून दिसणारा काळा पोशाख तेच काम नजरेपुरतं करतो. कुणी खरं चारआइना दाखवलं तर नक्षी सोडून आधी खाचा पाहाव्यात.

घातल्यावर बसता येत नाही, फार तर उंच स्टुलाला टेकता येतं. पाणी प्यायला, घाम पुसायला, दारापाशी सावध करायला एक मदतनीस लागतो. शिरस्त्राणात पॉवर बँकवर चालणारा चिमुकला पंखा बसवतात, नाहीतर चष्मेवाल्याला काचांवरच्या बाष्पापलीकडे काही दिसत नाही. मुंबईच्या दमट हवेत पंखा ही चैन नव्हे. आणि नैसर्गिक विधी हा विषय निघण्याआधी तो उरकून घ्यावा, हे जाणत्यांचं सांगणं अक्षरशः घ्यावं.

हे सारं करणं कायदेशीर आहे का, असं कुणीतरी विचारतंच. एन्सवर्थ यांनी पुढे जुन्या साच्यांवरून प्रतिकृती विकायला काढल्या, तेव्हा लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीनं त्यांच्यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दावे लावले. अमेरिकेत दोन कोटी डॉलरचा निकाल विरुद्ध गेला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र २०११ मध्ये ठरवलं की शिरस्त्राण हे 'शिल्प' नव्हे, चित्रपट बनवण्याच्या प्रक्रियेतली उपयोगाची वस्तू आहे. त्यामुळे तिथल्या कायद्यानं शिल्पासारखं दीर्घ संरक्षण त्याला मिळत नाही. कलावंतांना हे लागलं असेल, पण तर्क नाकारणं अवघड आहे. वाद विक्रीचा होता. स्वतःसाठी करून घालणाऱ्यांशी कंपनीनं जमवूनच घेतलं आहे.

ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं शिरस्त्राणाला हात घालू नये, सगळे तिथेच दमतात. मनगट ते कोपर एवढाच एक तुकडा करावा: ५ मिमी फोम, खाली निमुळता आणि वर रुंद, एकच सांधा. तो सांधा हाताच्या आतल्या बाजूला ठेवावा, म्हणजे हात शरीराजवळ असताना दिसत नाही, आणि तिथे रबर सोल्यूशनऐवजी वेल्क्रो लावावा, कारण पंजा मनगटापेक्षा रुंद असतो आणि बंद नळीतून तो आत जात नाही.