आधी त्याचं म्हणणं लिही

टी.वाय.च्या वर्गात संशोधन-प्रकल्पाचा पहिला तास दरवर्षी सारखाच जातो. विषय सांगा म्हटलं की हात वर होतात : ‘मोबाईल - शाप की वरदान’, ‘शेतकऱ्यांच्या समस्या’, ‘स्त्रीशिक्षणाचे महत्त्व’. दहावीपर्यंत निबंध घोटून घेतलेली मुलं, त्यांचा काय दोष? दोन्ही बाजू थोड्याथोड्या मांडायच्या, शेवटी सुविचार टाकायचा. मी एवढंच विचारतो, “याच्याशी भांडायला कोण येईल?” स्त्रीशिक्षणाला महत्त्व नाही असं वर्गात कुणीच म्हणणार नाही. मग पटवायचं कुणाला?

यंदा एक मुलगी उठली. “सर, आमच्या गावातल्या मुली दहावीनंतर थांबतात. आईवडिलांची मानसिकता.”

या शब्दाची मला धास्तीच आहे. कुणाच्या दारात न जाताही तो लिहिता येतो. म्हटलं, पाच घरी विचारून ये. आठवड्यानं ती वही घेऊन आली. चार घरांतून एकच उत्तर : परतीची एस.टी. साडेचारला, अकरावीचं प्रॅक्टिकल सुटतं पाचला. तिनं विधान बदललं : ‘मुली थांबतात त्या बसच्या वेळेमुळे.’

वर्ग खूश. तेवढ्यात तिच्याच गावचा एक मुलगा म्हणाला, “बस आम्हालाही तीच होती. मी शिकलो की.”

ती गप्प. अशा वेळी मी बाबासाहेबांचा निबंध काढतो. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचविशीतल्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर तो वाचला. पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जात म्हणजे काय हे स्वतः सांगण्याआधी ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या समोर ठेवतात. केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. त्यांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती : जन्मानंच मिळणारं सभासदत्व आणि बाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर केतकरांचं मोठेपण मान्य करतात आणि मग दाखवतात की ही लक्षणं दोन नाहीतच. बाहेरचं लग्न बंद केलं, की आत यायला जन्माखेरीज वाट उरत नाही. राहिला एकटा अंतर्विवाह. मग तो टिकवायचा तर गटातल्या विधवेचं आणि विधुराचं काय करायचं, या हिशेबातून ते सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा करतात. केतकरांच्याच वाक्यातून स्वतःचं विधान कसं निघालं, हे फळ्यावर मांडायला मला अख्खा तास लागतो. वर्षभरातला हा माझा सगळ्यात आवडता तास.

आधी मांडलेल्या समोरच्याच्या म्हणण्याला आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष म्हणतात. तो असा लिहायचा, की समोरच्यानं वाचून मान डोलवावी. मुलं नेमकी इथे लबाडी करतात. ‘काही लोक म्हणतात’ असं लिहून बुजगावणं उभं करायचं आणि एका धक्क्यात पाडायचं. (मीही एम.ए.ला तेच केलं होतं. सरांनी समासात तांबड्या शाईनं लिहिलं, ‘हे काही लोक कुठे राहतात?’)

“आधी त्याचं म्हणणं लिही,” मी तिला सांगितलं. मधल्या सुट्टीत तिनं त्या मुलाला गाठलं. बस चुकली की घरी कसा जायचास? कधी दादाच्या मोटारसायकलवर, कधी टेम्पोला हात करून. नाहीच काही मिळालं तर मित्राच्या खोलीवर मुक्काम.

तिसरं विधान तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं : ‘बस चुकली तर मुलाला दुसरी वाट असते, मुलीला ती घरचे देत नाहीत. म्हणून बसची वेळ मुलींना जास्त नडते.’ मानसिकता परत आलीच होती, पण आता ती टेम्पोला हात करून दाखवता येत होती.

हे खरं असेल, तर ज्या गावांना सहाची बस आहे तिथल्या मुली जास्त टिकायला हव्यात. त्यासाठी कॉलेजच्या जनरल रजिस्टरमधून गावं वेगळी काढायला हवीत. ती ऑफिसात जाऊन आली. क्लार्कनं अर्ज मागितलाय.

“सर, अर्जात कारण काय लिहू?”