जुनी दुखापत, नवे बूट

पनवेलच्या ज्या मुलामुलींची एनडीए किंवा चेन्नईच्या ओटीएची तयारी चाललीय आणि पाय कधीतरी जबर मुरगळलाय किंवा हाड तडकलंय, त्यांच्यासाठी ही पोस्ट.

आपल्या सैन्यातला जुना ओळखीचा बूट म्हणजे डीएमएस. काळं चामडं, तळ थेट साच्यात ओतून जोडलेला. दणकट, पण सुरुवातीला भलताच कडक. म्हणून घरचा चालण्याचा सरावही घोटा झाकणाऱ्या बुटांतच करा. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. जाड मोजे घालून दोन्ही पायांचं माप घ्या. दुखावलेला पाय कधीकधी वेगळाच निघतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. डॉक्टरांनी इनसोल दिला असेल तर बुटातला मूळचा काढून तो बसवून चालून बघा.

नवे बूट घालून थेट कर्नाळा किल्ला गाठू नका (मी गाठला होता, टाचा सोलून परतलो!). आधी घरात, मग सपाट रस्त्यावर. धावणं स्पोर्ट्स शूजमध्येच.

आणि मेडिकलला जुनी दुखापत लपवू नका. एक्स-रे, कागदपत्रं आजच शोधून ठेवा.